स्थानिक नाव : नाही

माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, आणि त्यातली निम्मी तरी लाल पेन हातात धरून. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. लग्नपत्रिका आली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, मग नवरानवरी कोण ते. घरच्यांना याचा वैताग येतो, आणि तो रास्तच आहे. म्हणूनच माझ्या स्वतःच्या हातची एक खोटी चिठ्ठी आठवली की अजून कानशिलं तापतात. एक कशाला, एकवीस चिठ्ठ्या होत्या.

गोष्ट किड्यांची आहे आणि माझ्या आत्याची.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला मी आमच्या गावाहून, आंजीहून, रोज एसटीने वर्ध्याला डी.एड.ला जायची. दुसऱ्या वर्षी विज्ञानाच्या मॅडमनी प्रत्येकीला परिसरातल्या एकेका कीटकगणाचा संग्रह करायला सांगितला. गण चिठ्ठ्या टाकून वाटले. फुलपाखरं सगळ्यांनाच हवी होती. माझ्या चिठ्ठीवर निघालं ‘अर्धपंखी’. शेजारची म्हणाली, “म्हणजे ढेकूण.” वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, “ढेकूण त्यातलाच, पण बाकीचे बहुतेक झाडावर जगतात. तोंडाची सुई झालेली असते. ती झाडात खुपसून रस पितात.”

पेटी करायची, किडे टाचायचे आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी लावायची. चिठ्ठीत चार ओळी: गट, वैशिष्ट्य, कोणत्या झाडावर मिळाला, आणि शेवटी स्थानिक नाव. या शेवटच्या ओळीवर मॅडमचा फार भर होता. “पुस्तकातलं नाव पुस्तकात असतंच. घरी विचारा, वाडीत विचारा,” त्या म्हणायच्या.

आमच्या घरी वाडी म्हणजे आत्या. ही बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत एक पत्र्याची पेटी घेऊन सासरहून परत आली, ती परत गेली नाही. का आली, ते मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायची सोयही नव्हती. नवऱ्याकडून माहेरी आलेली बाई परत गेली नाही, की आमच्याकडे म्हणतात, बसली. “त्याची बहीण बसली व घरी.” गावात तिची ओळख तेवढीच. खरं तर आत्या बसलेली मी क्वचितच पाहिली. विहिरीलगतचा भाजीचा तुकडा, म्हणजे आमची वाडी, निंदण्यापासून तोडण्यापर्यंत तीच बघायची. वांगी, भेंडी, वालाचे वेल, मिरच्या, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. हे आता नातवंडांना सांगावं लागतं. बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन तीच जायची.

पण घरात तिला कोणी काही विचारत नसे. बैल विकला, विहीर खोल केली, माझं डी.एड. ठरलं, सगळं तिला नंतर कळायचं. ती वाईट वाटून घ्यायची असंही दिसत नसे. विचारायचं नसतं, हे जसं आम्हांला माहीत होतं तसं तिलाही माहीत होतं. म्हणून मी वही घेऊन वाडीत गेले आणि म्हणाले, “आत्या, तुला किडे ओळखता येतात ना? मला नावं सांग,” तेव्हा तिने खुरपं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. पाहुण्यासमोर पुसतात तसे.

“नावं?” ती म्हणाली. “अगोदर हे सांग, खाऊन राह्यलं का पिऊन राह्यलं?”

आमच्याकडे ‘खाऊन राह्यलं’ म्हणजे खातंय, पण तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं नाही. तिने वांग्याचं एक पान दाखवलं, चाळणी झालेलं. “हे खानाऱ्याचं काम. पानाले भोक पडते.” मग भेंडीचं, कडा आत वळलेलं, पिवळट. “अन् हे पिनाऱ्याचं. भोक नाई काई नाई, पान नुसतं आकसते. मानसाले चिंतेनं होते तसं.”

पुस्तकात हीच गोष्ट दीड पानभर होती, आकृतीसकट. मी वहीत लिहिलं, ‘मुखांगांवरून दोन प्रकार’, आणि स्वतःवर खूश झाले. आत्याचं वाक्य लिहिलं नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस कॉलेजातून आले की मी वाडीत. आत्या माझ्या आधी काम उरकून ठेवायची आणि वाट बघत असायची. तिच्या वर्गीकरणात गण-उपगण नव्हते, घरदार होतं. भेंडीच्या पानाखालचे हिरवे तुडतुडे, हात लावला की तिरपे पळणारे, ते तिच्या लेखी ‘पाहुणे’. “येते, पिते, चहा संपला का जाते.” वालाच्या शेंड्यावर दाटीने बसलेला काळा मावा म्हणजे ‘बाळंतिणी’. तिने भिंग नसताना बघून ठेवलं होतं की मावा अंडी न घालता पिल्लंच टाकतो, आणि झाड सुकायला लागलं की त्यातल्या काहींना पंख फुटतात. पुस्तकात हे वाचून मला नवल वाटलं होतं. तिला वाटलं नव्हतं. “एका घरात मावेनाशा झाल्या का निघते एकेक दुसरं घर पाहाले,” ती म्हणाली.

कपाशीवरचे लाल ढेकण्या किडे कायम जोडीने, शेपटीला शेपटी लावून. मोठी मादी चालते आणि नर मागे फरफटत जातो, उलटा. त्यांचं नाव ‘नवरानवरी’. “इचं तोंड इकडं, त्याचं तिकडं, पन संसार चालू हाये,” असं म्हणून आत्या अशी हसली की शेजारच्या वावरातल्या बाया बघायला लागल्या. तुरीच्या शेंगेवरचा ढालीसारखा हिरवा किडा चुरगाळला की नासलेल्या कोथिंबिरीसारखा वास येतो. तो ‘सांभाऱ्या’. पुस्तकातली ‘दुर्गंधी ग्रंथी’ माझ्या डोक्यात बसली ती सांभाऱ्यामुळे. आजही पंखांवरून दोन उपगण सांगायचे झाले तर मला आधी सांभाऱ्या आठवतो, ज्याचा वरचा पंख अर्धा जाड अर्धा पातळ, आणि मग पाहुणा, ज्याचे पंख एकसारखे आणि पाठीवर छपरासारखे ठेवलेले.

खरी अडचण जांबाच्या झाडावर आली. जांब म्हणजे पेरू. त्याच्या एका फांदीला तपकिरी खवले चिकटले होते, मसुराच्या डाळीएवढे, जागचे न हलणारे. मला तर ते झाडाचेच फोड वाटले. आत्याने नखाने एक उचकटला. “जिता हाये. हा घरजावई. एकडाव बसला का उठत नाई.”

मी हसले आणि मग, शिकलेली ना मी, तिला दुरुस्त केलं. वहीत बघून सांगितलं की हा जावई नव्हे, ही मादी आहे. लहानपणी पाय असतात, चालते. मग एका जागी सोंड खुपसते, पाय गळून जातात, अंगावर खवला धरते आणि मरेपर्यंत तिथेच. नराला मात्र पंख फुटतात. तो उडून जातो. त्याला तोंड नसतं, दोन-चार दिवसांत मरतो.

“त्याले तोंडच नाई?” आत्याने विचारलं.

“नाही.”

“तरी उडते.” ती फांदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग हा घरजावई कायचा व. हे तं बसली. लिव, बसली.”

ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी वहीत काहीच लिहिलं नाही, आणि फांदीचा तुकडा कापून घेतला.

पेटी छान झाली. वर्ध्याच्या एका कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याचं मोठं खोकं मागून आणलं. तळाला ज्वारीच्या धांड्याचा मऊ गाभा चिरून बसवला, टाचण्या त्यात चांगल्या रुततात. हे कामही आत्याचंच. कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या. फोटो मढवणाऱ्याकडून वर काच बसवून घेतली. एकवीस नमुने झाले. मग मी चिठ्ठ्या लिहायला बसले. माझं अक्षर तेव्हाही सुरेख होतं.

पहिल्यांदा लिहायला घेतली ती त्या फांदीची चिठ्ठी, कारण तीच मनात सलत होती. गट लिहिला, वैशिष्ट्य लिहिलं, झाड लिहिलं. ‘स्थानिक नाव’ यापुढे पेन थांबलं. ‘बसली’ लिहिलं तर परीक्षक विचारणार, असं का म्हणतात. मी काय सांगणार? पाय गळलेली, जागची न हलणारी, आणि तीच माझी आत्या? मी लिहिलं, ‘नाही’.

इथवर मी स्वतःला माफ केलं असतं. पण एकदा ‘नाही’ लिहिल्यावर उरलेली नावंही मला गावंढळ दिसायला लागली. पाहुणे. बाळंतिणी. नवरानवरी. वर्ध्याला पहिल्या वर्षी मी वर्गात एकदा ‘मले’ म्हणाले होते, आणि पुढे महिनाभर मुलींनी मला ‘मले’ अशीच हाक मारली होती. तेव्हापासून मी शुद्ध बोलायची, घरीसुद्धा. ‘सांभाऱ्या’ वाचून त्याच मुली काय म्हणतील, हे मला ऐकू येत होतं. मी एकवीसही चिठ्ठ्यांवर तेच लिहिलं. स्थानिक नाव : नाही. फांदीच्या चिठ्ठीवर मला आत्याची लाज राखायची होती. बाकीच्या वीस ठिकाणी मला आत्याची लाज वाटत होती. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे तेव्हाही कळत होतं.

सकाळी आत्या पेटी बघायला आली. काचेवर बोट न लावता, वाकून बघत होती. “लिवले का माह्ये नावं?”

“हो.”

“वाच मंग.”

मी वाचलं. सांभाऱ्याखालच्या चिठ्ठीवर डोळे ठेवून ‘सांभाऱ्या’ म्हणाले, माव्याखाली ‘बाळंतिणी’. एकवीस नावं मी त्या चिठ्ठ्यांवरून वाचून दाखवली, जी तिथे नव्हती. फांदीपाशी ‘घरजावई’ म्हणाले. तिने मान हलवली. मग पुन्हा वाकली. रोपातलं तण ओळखणारे डोळे होते तिचे.

“समद्याईच्या खाली शेवटी एकच कायतरी दिसते व. हे पाह्य, इथं बी तेच, तिथं बी तेच.”

खोटं बोलायला लागलं की सुचत जातं. मी म्हणाले, “ते आडनाव आहे, आत्या. सगळे एकाच कुळातले ना.”

“हौ का,” ती म्हणाली, आणि तिला ते पटलं. “बरोबर हाये. समदे पिनारेच तं हाये.” जाताना तिने त्या आकाराकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं, नव्या सोयऱ्याचा चेहरा लक्षात ठेवावा तसं.

पेटीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. परीक्षक एवढंच म्हणाले, “एकाही किड्याला गावात नाव नाही? आश्चर्य आहे.” मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली, आणि त्यांनी तो विनय समजला.

नोकरी आधी रोहण्याला लागली. पेटी मांडीवर घेऊन मी एसटीने गेले आणि तीन वर्षांनी बदली होऊन आंजीला आले, तेव्हाही ती मांडीवरच होती. शाळेच्या कपाटावर ठेवली. मुलांना अर्धपंखी शिकवताना मी ती काढायची. चिठ्ठ्यांच्या शेवटच्या ओळीवर माझा अंगठा आपोआप पडायचा.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. बायांचा वर्ग दुपारी माझ्याकडे दिला. पहिल्या दिवशी चौदा बाया आल्या, दुसऱ्या दिवशी सहा. आत्या पहिल्या दिवसापासून होती, मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. पन्नाशी जवळ आली होती तिची. हाताला खुरप्याची सवय, पाटीवरची पेन्सिल ती मुठीत धरायची आणि रोज एक मोडायची. मी तिलाच जास्त रागवायचे. घरची म्हणून.

महिना झाला असेल. न, ण, ह, प, काना, वेलांटी एवढं झालं होतं. मी फळ्यावर लिहिलं, ‘पाणी नाही’. अजून वाचायला सांगितलंही नव्हतं, तोच आत्या उभी राहिली. वर्गात ती कधी आपणहून बोलत नसे.

“मले येते हे,” ती म्हणाली. “पयलं नाई येत. दुसरं येते. हे किड्याईचं आडनाव होय.”

बाया हसल्या. एक म्हणाली, “कायचं आडनाव व? किड्याले आडनाव राह्यते का?” आत्याही हसली. “हाये. माह्या पोरीनं लिवलं. एकवीस ठिकानी हाये. मी ओळखतो न.”

माझ्या हातात खडू होता. मी फळ्याकडे वळले, पण पुसणार तरी काय? मागून तिचा आवाज आला. तिने आता अक्षरं लावायला घेतली होती, मीच शिकवल्याप्रमाणे, एकेकावर बोट धरून. “नला काना, ना. हला दुसरी वेलांटी, ही. ना...ही.” थांबली. मग आमच्या बोलीत म्हणाली, हळू, “नाई.”

ती खाली बसली. बायांना काही कळलं नाही. मी वर्ग कसा संपवला ते आठवत नाही.

सगळ्या गेल्यावर ती उठली नाही. “थे पेटी काढ,” म्हणाली. मी काढली, जमिनीवर तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसले. तिने एकवीसही चिठ्ठ्या बघितल्या. वरच्या ओळी तिला अजून येत नव्हत्या, शेवटची येत होती. प्रत्येकीवर काचेवरून बोट धरून ती तेच वाचत गेली. नाई. नाई. नाई. मी मध्ये एकदा “आत्या” म्हणाले. तिने हाताने थांबवलं. एकवीस पुरी केली.

“एकाले बी नाव नाई,” ती म्हणाली. “मंग म्या काय सांगतलं होतं तुले? पंधरा दिवस?”

मी तिला फांदीचं खरं सांगितलं. ‘बसली’ लिहायला हात धजला नाही, लोकांनी तुला हसू नये म्हणून, असं. ते खरंच होतं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली.

“बरं केलं,” म्हणाली. “अन् बाकी वीसाईचं?”

मी रडले, आणि रडण्याचीही लाज वाटली, कारण रडून मी तिलाच समजूत घालायला लावत होते. तिने घातली नाही. काचेवरची धूळ पदराने पुसत बसली. मग म्हणाली, “जनमात एकडाव कोनं मले इचारलं होतं, पोरी. बाकी कोनं इचारत नाई. तू इचारलं होतं.”

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. येताना कोऱ्या कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्या घेऊन आली, एकवीस, बाबांच्या जुन्या वहीतून फाडलेल्या. “आता मी लिवतो,” म्हणाली. “तू फक्त अक्षर दाखवजो. नाव सांगू नोको.”

पावसाळा संपेपर्यंत ते चाललं. दिवसाला एक नाव, कधी दोन दिवसांना एक. ‘पाहुणे’ सोपं गेलं. ‘बाळंतिणी’ला चार पेन्सिली मोडल्या. ‘सांभाऱ्या’तला ऱ्या तिला काही केल्या वळेना, तेव्हा तिने तो ‘सांबारा’ असा लिहिला. माझा हात लाल पेनकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तयार झालेली चिठ्ठी मी खळ लावून जुन्या चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर चिकटवायची. एकेक ‘नाही’ झाकत गेलं.

फांदी शेवटी ठेवली होती. मी विचारलं नाही. ती पाटीवर झुकून, जीभ दातांत धरून लिहीत होती. पाटीवर जमलं तेव्हा चिठ्ठीवर उतरवलं आणि माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं होतं ‘बसली’ असेल, किंवा रागाने ‘घरजावई’. तिथे लिहिलं होतं, ‘रायली’.

“बसली लोकं म्हनत,” आत्या म्हणाली. “मी कुठं बसली? निंदून राह्यली, तोडून राह्यली, इकून राह्यली. मी तं राह्यली. थे बी पाह्य, बसून नाई राह्यली. पिऊन राह्यली, जगून राह्यली.”

मी खळ लावली. ती चिठ्ठी चिकटवताना एक कोपरा वाकडा गेला. आत्याने तो नखाने सरळ केला आणि काच परत बसवली. मग पेटी माझ्या बाजूला फिरवली.

“आता वाच,” म्हणाली.

तिने पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता अक्षरांकडे बघत राहिली. मी एकवीस नावं वाचली, जशी लिहिली होती तशीच. एकेक नाव झाल्यावर तिचं बोट पुढे सरकायचं. ती तपासत होती.